शुभाला लागलेलं तिखट

रविवार, पेण

आज शुभा भेटली. मी पेणहून, ती सासरहून, रोह्याहून, आणि भेटलो कोलाडच्या नव्या हॉटेलात. शाळेपासूनची मैत्रीण, कोरियन खायचा हट्ट तिचाच. लालभडक रस्सा आला, त्यात पनीरसारखं पांढरं टोफू. मी सहज विचारलं, "भाऊजी कसे आहेत?"

"शिफ्टला हायत," म्हणाली, आणि पहिल्याच घासाला तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. "काय तिखट हाय गो!"

मी हसले. आगऱ्यांची पोर, माहेरी मसाला कुटायचा डंक, आणि हिला तिखट लागतं? वर चिडवलं. ताक मागवून दिलं. तिचं तसंच राहिलं म्हणून मी पार्सल करून आणलं.

आत्ता चमचाभर खाल्लं. तिखट नाहीच! मग आठवलं, मला ॲसिडिटी म्हणून मीच वेटरला सांगितलं होतं, मिरची कमी टाका, आणि त्याने दोघींच्यातही कमीच टाकलेली. आणि मी विचारलं होतं कसे आहेत, तिने सांगितलं कुठे आहेत.

काय म्हणून हसले मी?

फोन लावला. "शुभा, ते तिखट नव्हतं गो."

बोलता बोलता मलाच रडू आलं. माझं नाक ओढणं तिला ऐकू गेलं असावं. मग म्हणाली, "पाणी पी. तुला पण लागलंय."