वलांड्यांची जागा

आपली जागा कुठे संपते ते तू मला कधी सांगितलंच नाहीस. सांगितलं असतंस तर या वयात चार बायकांसमोर माझं हसं झालं नसतं. आये, कशी आहेस ते विचारत नाही. मेलेल्या माणसाला काय होतंय.

झालंय असं, की आपण बोंबील वाळवतो त्या मैदानावर शूटिंगच्या गाड्या उभ्या करायचं घाटतंय. आकाशातून काढलेल्या फोटोत ती जागा बोडकी दिसते, कारण फोटो पावसाच्या तोंडचा, बोंबील टांगायच्या वलांड्यांचे बांबू काढून ठेवलेले. म्हणून गावाने ठरवलं, कोण बाई कुठे मासळी वाळवते त्याचा नकाशा आपणच करून द्यायचा. माझी नात, म्हणजे तुझी पणती, कॉलेजात हेच शिकते. तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. एका कोपऱ्यावर क्लिक कर, मग पुढच्या, शेवटी पहिल्यावर परत ये, म्हणाली. तू मला चौथीतून काढून मासळी निवडायला बसवलंस, त्या हाताला माऊस कुठला ऐकतोय. चाक इकडे फिरवलं की गाव मुंगीएवढं, तिकडे फिरवलं की आपल्याच घराचे पत्रे नाकाला लागतात. पहिल्या दिवशी मी आपली वलांडी खाडीत नेऊन ठेवली. नात म्हणते, ‘‘आजी, बोंबील परत पोहायला लागले गं.’’

हळूहळू जमलं. चार कोपरे टाकले, जागा पिवळी झाली, आणि नातीने त्यावर तुझं नाव लिहिलं. मासळी मी वाळवते, पण गावात ती वलांडी अजून तुझीच म्हणतात. स्क्रीनवर तुझं नाव बघून मी काही रडले नाही. चहा मात्र निवला. मग शेजारच्या वलांडीवाल्या, आता गेलेल्या म्हातारीची सून बसली, तिने तिची जागा काढली, तर मधली पट्टी लाल झाली. दोघींची जागा एकमेकींवर चढली होती. नात म्हणाली, असं दिलं तर तपासणारे म्हणतील बायका खोटं सांगतात. सुनेने पदर खोचला, ती पट्टी माझ्या सासूची. मी म्हटलं, तुझी सासू माझ्या आईचा जवळा झाडून न्यायची. आम्ही दोघी भांडतोय आणि दोघींनाही ठाऊक आहे की दोघी खऱ्या. जिच्या होडीला जवळा जास्त, त्या दिवशी पट्टी तिची, असंच तुम्ही चालवलंत. लहानपणी मी तिथे काटकीने रेघ ओढली, तर खारटलेल्या हाताने तू माझ्या पाठीत घातलंस. ‘‘मासळी वाळते तिथं रेघ नाय मारायची.’’ का, ते सांगितलं नाहीस.

शेवटी मीच म्हटलं, आतले सगळे कोपरे पुसा, बाहेरून एकच रेघ घाला, सगळ्या बायकांची मिळून एक जागा. नात म्हणाली, चालेल, पण नाव एकच लिहायचं, ‘गावातल्या मच्छीमार बायका’. मेलेल्यांची नावं दिसली तर जागा वापरात नाही म्हणतील. सुनेने खोचलेला पदर सोडला. म्हणाली, ‘‘म्हणजे माझ्या सासूचं नाव नाहीच?’’ मी म्हटलं, माझ्या आईचं तरी कुठे आहे. पुसताना ते मशीन विचारतं, नक्की का म्हणून. नात माझ्याकडे बघत राहिली. मीच दाबलं.

नकाशा दिलाय. जागा राहते की जाते, कळेल तेव्हा कळेल. राहिली तरी उद्याच्या पोरींना तुझी वलांडी कुठली ते कोण दाखवणार, मी किती दिवसांची. हे पत्र नातीला दाखवायचं नाही. तिला वाटतं, आजीला पटलं म्हणून आजीने पुसलं. मला पटलेलं नाही. मी बरं केलं की वाईट, ते तू सांग. तूच सांग, नेहमीसारखं ‘बापाला विचार’ म्हणून चुलीकडे तोंड फिरवायचं नाही.