तासाभराची जाग

प्रिय टिल्लू,

सहा फुटी माणसाला या नावाने हाक मारू नये, असं तुझी बायको म्हणते. म्हणू दे. आडव्या माणसाची उंची मोजायला कोणी येत नाही.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्त करताना तू खड्ड्यात पडलास, तेव्हापासून बंदच आहे. तीही आणि तूही. नवा मेकॅनिक येतो, टॉर्च मारतो, चहा पितो, जातो. मी जिने चढते आणि प्रत्येक मजल्यावर तुला शिव्या घालते. तेवढाच तोंडाला व्यायाम.

तुझं औषध ऐकून तूच हसशील. तुला जागं करायला झोपेची गोळी देतात! मेंदूला मार लागलेल्यांपैकी एखाद्यालाच ती अशी उलटी लागू पडते, म्हणाले डॉक्टर. तो एखादा नेमका तू निघालास; लहानपणापासून तुझं सगळं उलटंच. गोळी पोटात गेली की हळूहळू तुझी नजर जागेवर येते, ओठ हलतात. तासाभराने पुन्हा सगळं विझतं.

तो तास आम्ही तुझी परीक्षा घेण्यात घालवतो. काका पुढे सरसावतात, मला ओळखलंस का? त्यांना कोपराने ढकलून मामी, आणि मला? मावशी नाकासमोर बोटं नाचवते, किती सांग. तुझ्या बायकोचा नंबरच लागत नाही. मीही शहाणी नव्हे, आपल्या शाळेचं नाव दोनदा विचारलं. हल्ली तू डोळे उघडतोस आणि आम्हाला बघून मिटून घेतोस. गोळीचा गुण उतरत चाललाय, म्हणतात. डोस वाढवा म्हणून मी डॉक्टरांच्या पाया पडायची बाकी राहिले. मी रे, टिल्लू! उद्या वाढीव डोस एकदाच देऊन बघणार, गुण आला नाही तर गोळी बंद.

आज जिन्यात दम खायला थांबले आणि आठवलं. लिफ्टचं दार उघडताच घुसणाऱ्यांवर तू खेकसायचास, "आधी आतल्याला बाहेर येऊ द्या की!"

म्हणून हे पत्र. उद्या काका-मामी-मावशीला मी खालीच अडवणार. वाईटपणा घ्यायचा मला सराव आहे. उशाशी तुझी बायको बसेल. मी हे वाचून दाखवीन, कारण हातात कागद नसला तर मी पुन्हा काहीतरी विचारीन. यात तुला उत्तर द्यावं लागेल असं काही नाही. मी कोण, तेही खाली लिहिलंय, ओळखायचे कष्ट नकोत. दारातून सगळे बाजूला झालेत, टिल्लू. ये बाहेर.

तुझीच,
ताई