गच्चीवरचा प्लॅस्टिकचा बोगदा

२ मे १९५६

ललिताला यंदा हरवायचंच! समोरच्या बिल्डिंगीतली ही बया तीन वर्षं ओळीनं भगिनी मंडळाच्या भाजी-प्रदर्शनात पहिली येते. कारली अशी मिरवते, जशी काही पोटची पोरं! अख्ख्या ठाकूरद्वारात आमच्या गच्चीएवढं ऊन कुणाकडे नाही. पण प्रदर्शन असतं गणपतीत, आणि तोवर पावसानं वेल सडून जातात.

ह्यांच्या ऑफिसातल्या एका विलायती मासिकात चित्र पाहिलं. ओळीनं कमानी उभ्या केलेल्या, वरून पारदर्शक कापड. लांबून आगगाडीचा बोगदाच वाटावा. आत भाजी! तसंच करायचं ठरवलं.

अडचण एकच. गच्चीच्या मधोमध नलूची खाट.

४ मे

नलू म्हणजे माझी नणंद. विधवा, आणि आता छातीचा आजार. मार्चमध्ये हॉस्पिटलातून सुटली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मोकळी हवा द्या. दिवसभर." तेव्हापासून बाईसाहेब गच्चीवर आडव्या, आभाळ बघत. आणि मी तीन जिने चढून तिची पेज पोचवायची. ह्यांना बोलून उपयोग नाही. बहीण म्हटली की ह्यांचे डोळे लगेच ओले.

७ मे

ताडपत्री बघितली. आत मिट्ट काळोख. मेणकापड उन्हात दोन तास ठेवलं तर चिकटून बसलं, वर वास. मांजरपाट जवसाच्या तेलात भिजवून वाळत घातलं. उजेड बरा येतो, पण तांब्याभर पाणी ओतलं तर खाली ठिबक ठिबक. पाऊस म्हणजे काय तांब्याभर पाणी आहे?

१० मे

मिळालं! ह्यांच्या ओळखीचा दत्ताराम शिवडीला गोदामात असतो. बोटीतून यंत्रं येतात ती प्लॅस्टिकच्या मोठमोठ्या कागदात गुंडाळून. ते कागद फेकून देतात म्हणे! त्यानं घडी करून आणून दिले. "बाईनु, ह्यातून पानी जाऊचा नाय. पन वारो पन जाऊचा नाय हां. आतलो मानूस उकडान मरतलो." म्हटलं, आत माणूस कशाला जाईल?

१३ मे

आजचा दिवस विसरणार नाही. कमानींना बांबू ओलाच हवा. ओला वाकतो, वाळका तडकतो. म्हणून नाक्यावरच्या बांबूवाल्या बुधाजीला चिठ्ठी धाडली — 'दोन लांब ओले बांबू, आठ-दहा आखूड, भरपूर सुंभ. ताबडतोब पाठवणे.'

तासाभरात बुधाजी स्वतः दारात! डोक्याला पंचा, मागे हमाल. बांबूंबरोबर मडकं, गवऱ्या आणि पांढरं कापड. घरात आजारी माणूस आहे हे त्याला ठाऊक, आणि माझी चिठ्ठी म्हणजे तिरडीचीच यादी! त्यानं येता येता चार घरी सांगितलंही. जिन्यात बायका जमल्या, ललिता सगळ्यांत पुढे, डोळ्यांना पदर.

दार कुणी उघडावं? गच्चीवरून नुकत्याच खाली आलेल्या नलूनं! बुधाजी दोन पावलं मागे सरला.

"क-कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," नलू म्हणाली. "आत या. चहा टाकते."

मी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसले. पोट दुखेपर्यंत हसले. रात्री हे दोन घास खाऊन उठले. मडकं मात्र मी परत केलं नाही. रोपांना पाणी घालायला होईल.

१६ मे

बोगदा उभा राहिला. बांबू चिरून कमानी अकरा, उंची माणसाला वाकून जाता येईल इतकी. गच्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. नलूची खाट खाली मागच्या खोलीत आणली. खिडकी आहे. घरगल्लीकडे उघडते, खालून गटाराची घाण येते, म्हणून बंदच ठेवावी लागते.

ह्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले होते?" मी म्हटलं, पावसाळ्यात गच्चीवर ठेवून तिला न्यूमोनिया करायचाय का?

वीरेंद्र मात्र मोर्च्यातून आला तो तडक भांडायला. "आई, आम्ही अख्खी मुंबई मागतोय, आणि तुला आत्यासाठी एक गच्ची सोडवत नाही?" म्हटलं, तुमची मुंबई मिळाली की तिथे ठेव आत्याला.

३ जून

दुधीचं बी लावलं.

१२ जुलै

बाहेर सगळ्यांचे वेल झोपले. ललिताचं कारलं सडलं!! माझा दुधी कमानींवर चढून फुलावर आला. रोज संध्याकाळी पांढरीशुभ्र फुलं.

२० जुलै

फुलं येतात, खाली चिमुकला दुधी दिसतो, चार दिवसांत पिवळा होऊन गळतो. एकही धरत नाही. खत घातलं, ताक घातलं, दृष्टही काढली.

आज पेज द्यायला गेले तर नलू म्हणाली, "वहिनी, आत माशी-पाखरू येत नाही ना, म्हणून. नराच्या फुलानं मादीचं फूल हातानं शिवावं लागतं. माहेरच्या — म्हणजे आपल्याच जुन्या वाडीत आई करायची. मला वर येऊ दे, मी करते."

"तुझा हात लागलेली भाजी कोण खाईल?"

बोलून गेले. तिनं पेजेचा वाडगा भिंतीकडे तोंड करून संपवला.

२४ जुलै

स्वतः करून पाहिलं. नर कुठला, मादी कुठली, देव जाणे. चार फुलं चुरगळली. आत पाच मिनिटांत घामानं भिजून गेले, श्वास लागला. नाही बाई जमायचं.

२ ऑगस्ट

धरले! तीन दुधी धरले! माझ्याच हाताचा गुण म्हणायचा!

५ ऑगस्ट

माझ्या हाताचा गुण नव्हता.

दिवेलागणीला वर गेले. जिन्याच्या दाराशीच थांबले. बोगद्यात नलू. एका हातानं कमान धरलेली, दुसऱ्या हातात फूल. एक फूल शिवायचं, बसायचं, खोकायचं, पुन्हा उठायचं. मी देवळात जाते ती वेळ साधून ही चोरून चढत होती. तीन जिने! त्या वाफेत!

हाक मारणार होते. ओठांवर आलीही होती. मग मोजले. पाच दुधी धरलेले, त्यातला एक वीतभर.

तशीच मागे फिरले.

१४ ऑगस्ट

रोज जाते. दाराशी उभी राहते. ती वर असते. आता जास्त वेळ लागतो तिला. काल खाली उतरताना भिंत धरून उतरली. मी आधीच येऊन स्वयंपाकघरात भांडी वाजवत होते.

फक्त गणपतीपर्यंत. मग खाट पुन्हा वर नेईन. नक्की नेईन.

२२ ऑगस्ट

हे म्हणाले, "नलू बारीक दिसते." मी म्हटलं, पावसाळा आहे, सगळेच बारीक दिसतात.

३ सप्टेंबर

सकाळी नलूच्या रुमालावर रक्त. पुष्कळ. वीरेंद्रनं टॅक्सी आणली. तिला परळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, ही कुठे कोंडलेल्या जागी राहत होती का? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पिशवीतलं सामान लावत राहिले.

११ सप्टेंबर

पहिला नंबर! दुधी सव्वा हात लांब, एक डाग नाही. मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "भर पावसात असा दुधी! राजलक्ष्मीबाई, रहस्य काय?" मी सांगितलं, प्लॅस्टिक. ललिताचं तोंड बघण्यासारखं होतं. मी बघितलंही. पण पाहिजे तेवढं बरं वाटलं नाही.

१३ सप्टेंबर

हॉस्पिटलात गेले. नलू एवढीशी झालीय. बक्षिसाचं सांगितलं. हसली. म्हटलं, अगं, तू वर जात होतीस हे मला ठाऊकच नव्हतं, नाहीतर जाऊ दिलं असतं का?

तिनं उशाजवळच्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "वहिनी, प्लॅस्टिकमधनं बाहेरचं दिसतं गं. तू रोज दाराशी येऊन उभी राहायचीस. मला वाटायचं, आज तरी 'नलू, बाहेर ये' म्हणशील."