धाकट्याचं बक्षीस

२ डिसेंबर

चि. ताई हिला अप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन करत जा म्हणतेस, पण फोनवर मला नुसती माशी भुणभुणल्यासारखं होतं. जन्म करवतीपाशी गेला, कान एवढे शिल्लक राहिले हेच खूप. तेव्हा पत्रच बरं. तुझं अक्षर डॉक्टरच्या वरताण झालंय हा भाग वेगळा.

इकडची बातमी अशी, की येत्या रविवारी संध्याकाळी टीव्ही उचलून वर्कशॉपात लावायचा बेत आहे. घरातली खोली लहान पडेल. तुमच्या त्या व्हिडिओ गेमच्या बक्षिसांचा कार्यक्रम बघायला समोरच्या शिंपीणबाई येणार, त्यांच्या सूनबाई येणार, आणि रिटायर झालेले पोस्टमनही हजेरी लावतो म्हणालेत. यांच्यापैकी कुणी उभ्या जन्मात गेम खेळलेला नाही. पण धाकट्याचं काम बक्षिसाच्या यादीत आलंय म्हटल्यावर राहवेना कुणाला. ओसाड पडलेलं घर दुरुस्त करत जायचा तो खेळ, त्यातली चित्रं त्याच्या दोस्ताची, त्या ढापण्याची, आणि आवाज सगळे धाकट्याचे, आणि रंधा, बिजागऱ्या, फरशीला घासणारं दार हे सगळं त्याने आपल्याच वर्कशॉपात टिपलं, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता अर्ध्यावर थांबलो तर पुढचं वाक्य शिंपीणबाई म्हणतात.

मला स्वतःला त्यातलं निम्मंही ऐकू येत नाही. धाकटा होता तेव्हा माझा हात स्पीकरवर ठेवायचा आणि कळलं का म्हणून विचारायचा. मी मान हलवायचो. गेम बाजारात यायच्या आधीच माझं पोर गेलं, त्यामुळे लोक काय म्हणाले ते त्याला कळलं नाही. म्हणून हे बक्षीस मला हवंय, लपवत नाही.

एकच विचारायचं होतं. आवाजाचं बक्षीस साधारण कधी देतील? बाईंना कपडे शिवून द्यायचेत, पोस्टमनना एका जागी फार बसवत नाही. कार्यक्रमाचा क्रम तूच लावतेस, मग आपल्या बापाला एवढं सांगायला काय हरकत आहे?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

अप्पा


५ डिसेंबर

ती. अप्पांना ताईचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग ऑफिसच्या जिन्यात जाऊन थोडा वेळ बसले. वर्कशॉपात टीव्ही! भुशाने त्याचं काय होईल ते होवो, पण पाहुण्यांना निदान खुर्च्या पुसून द्या. पँटला भुसा लावून पाठवलंत तर पोस्टमनकाका पुन्हा येणार नाहीत.

अप्पा, वेळ मला सांगता येत नाही. तुम्हालाच नाही, कुणालाच. कुठलं बक्षीस कधी येणार ते कळलं की लोक तेवढंच बघतात आणि उठतात, असं आमच्या निर्मात्यांचं म्हणणं. त्यामुळे क्रम कुलपात. मी तो लावते हे खरं, पण ऐनवेळी तेच फिरवतात आणि मी घड्याळाकडे बघत गाडी रुळावर ठेवते. तेव्हा सुरुवातीपासून बसा आणि मधे उठू नका, एवढंच सांगू शकते.

एक गोष्ट मात्र सांगते. ढापण्या काल भेटला. नवा कोट घेतलाय, बाह्या हातभर लांब आहेत. स्टेजवर काय बोलायचं ते पाठ केलंय म्हणाला. मला ऐकवायला तयार नाही. त्यात अप्पा आहेत आणि धाकटा आहे, बाकी तिथेच ऐक म्हणाला.

गोळ्या वेळेवर घ्या. तुम्ही घेत नाही हे सूनबाईंनी मला कळवलंय, माझे हेर सगळीकडे आहेत.

तुमचा हात डोक्यावर असू द्या, एवढंच मागणं.

ताई


११ डिसेंबर

चि. ताईस अप्पांचे आशीर्वाद.

नाही मिळालं. तुला माहीतच आहे, तरी मीच लिहितो, म्हणजे आपण दोघं एकमेकांपासून चुकवत बसायला नको.

आम्ही सांगितल्याप्रमाणे पहिल्यापासून बसलो. ताई, तुझ्या कामाला नाव ठेवायचं नाही मला, पण बक्षिसांचा कार्यक्रम म्हणून बसलो आणि बक्षिसं शोधत राहिलो. नव्या गेमची जाहिरात, मग तिच्यामागून दुसरी, मग जाहिरात आहे की कार्यक्रम हेच कळेना असं काहीतरी. एक सिनेमातला नट आला, तो त्याला हवं तितकं बोलला. आणि एक पोरगा बक्षीस घेऊन आईचं नाव काढतोय तोच त्याच्या बोलण्यावर बँड चढवला. बाई म्हणाल्या, लग्नातसुद्धा वरबापाला इतक्या घाईत उतरवत नाहीत. निवेदकाने गेम खेळणाऱ्यांवर दोन-तीन विनोद केले, आंघोळ करत नाहीत वगैरे. सूनबाईंना ते आवडलं नाही, त्यांचा भाऊ खेळतो.

मधे एकदा भराभरा काहीतरी वाचून दाखवलं. पडद्याखाली अक्षरं पळत गेली. सूनबाई त्याच वेळी चहा देत होत्या आणि आम्हाला वाटलं पुढे काय येणार त्याची जंत्री असेल. पोस्टमन तग धरून होते, शेवटी पाय धरला तसे गेले. बाई शेवटपर्यंत थांबल्या. आवाजाचं बक्षीस काही आलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, आपलं नाव नसेल तर दाखवतही नसतील. सगळ्यांनी माझी समजूत काढली. बाईंनी तर माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि आम्ही इतकी वर्षं समोरासमोर राहतो तरी असं कधी झालं नव्हतं.

सगळे गेल्यावर वर्कशॉपात एकटाच होतो. धाकट्याला मोठ्याने सांगितलं, नाही जमलं रे, पण काम चांगलं होतं. मोठ्याने अशासाठी की हळू बोललेलं मला स्वतःलाच ऐकू येत नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. ढापण्यालाही सांग.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

अप्पा


१६ डिसेंबर

ती. अप्पांना नमस्कार. कुशल वगैरे मागून लिहिते.

अप्पा, मिळालं. धाकट्याला बक्षीस मिळालं.

मला वाटलं तुम्ही पाहिलंत. ढापण्याला वाटलं मी कळवलं असेल. मी दुसऱ्या दिवसापासून आवराआवरीत होते आणि मनात म्हणत होते, अप्पा आता सगळ्या गल्लीला सांगत सुटले असतील. तुमचं पत्र उभ्या उभ्या उघडलं आणि पहिल्या दोन शब्दांवरच हे लिहायला घेतलं.

तुम्ही जिला जंत्री म्हणता ना, ती जंत्री नव्हती. ती बक्षिसं होती. कार्यक्रम लांबला होता, पुढच्या जाहिरातीची वेळ ठरलेली होती, तिला हात लावता येत नाही. निर्मात्यांनी सांगितलं, लहान बक्षिसं एकत्र करून वाचून टाका. आवाज, लेखन, अजून दोन-तीन. निवेदकाने ती एका दमात वाचली. आपल्या गेमचं नाव त्याने चुकीचं उच्चारलं. मी कंट्रोल रूममध्ये समोरच्या पडद्यांवर बघत होते. एका पडद्यावर ढापण्या दिसत होता, पण ते चित्र कुणी तुमच्या टीव्हीवर पाठवलं नाही. तो अर्धा उठला, कोटाचं बटण लावलं, आजूबाजूला बघितलं, आणि स्टेजवर बोलावत नाहीत हे कळल्यावर परत बसला. तोपर्यंत जाहिरात सुरू झाली होती.

बक्षिसाची बाहुली त्याला नंतर मागच्या बाजूला खोक्यातून दिली. सही घेतली म्हणे, कुरियरवाले घेतात तशी.

माझ्या शेजारी बसणाऱ्याला माहीत होतं धाकटा माझा कोण ते. त्याने माझ्यासमोरचा पाण्याचा ग्लास भरला. मी पुढच्या भागाची वेळ पुकारली. काम तेच होतं माझं.

कसं सांगू, तुम्ही त्याला नाही जमलं म्हणून सांगितलंत ते मला सोसत नाही. आता जा आणि खरं सांगा. माझ्यासाठी.

तुमची

ताई


२३ डिसेंबर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

सांगितलं. पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि वर्कशॉपात जाऊन सांगितलं. पण ताई, आनंद व्हायला पाहिजे होता तसा झाला नाही. आधी रागच आला. मी पोराला खोटं सांगितलं. माझ्याकडून ते वदवून घेतलं त्या लोकांनी.

मग समोर गेलो. बाई मशीनवर होत्या, त्यांनी पाय थांबवला आणि रडल्याच. पोस्टमनांनी अभिनंदन केलं. पण ज्यांनी परवाच सांत्वन केलं त्यांच्याकडून अभिनंदन घेताना दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. शिळं वाटतं ते. चूक त्यांची नाही.

रविवारी ढापण्या आला होता, बाहुली घेऊन. चांगली जड आहे. मी म्हटलं, तुझं पाठ केलेलं आता म्हणून दाखव, मोठ्याने म्हण, बाई आणि सूनबाईही ऐकतील. तो रंध्याच्या टेबलापाशी उभा राहिला. मग म्हणाला, अप्पा, ते त्या दिवशीचं होतं, ते आता येत नाही. मी आग्रह केला नाही. दुपारभर माझ्याबरोबर एका खुर्चीचा पाय बसवत बसला आणि बाहुली इथेच ठेवून गेला. धाकटा काय म्हणून त्यात होता ते आता कुणालाच कळणार नाही.

तुझ्या साहेबांना मी काय सांगणार? आम्हाला गिऱ्हाईक समजा, त्याचं काही नाही, मीही जन्मभर गिऱ्हाईकच सांभाळलं. पण खुर्ची घ्यायला आलेल्या माणसाला मी कधी दाराबाहेर ताटकळत ठेवलं नाही, आणि त्याची खुर्ची भलत्याच सामानात दडवलीही नाही.

राग तुझ्यावर नाही, हे दोनदा लिहिलं असं समज. लोभ होता तसाच.

अप्पा


१९ फेब्रुवारी

ती. अप्पांना शि. सा. नमस्कार वि. वि.

उशीर झाला लिहायला. परवा मीटिंग झाली, पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाची. मी हात वर केला. तुम्ही म्हणायचात ना, ताईला बोलतं करायला पाना लागतो, तर यावेळी पान्याशिवाय बोलले.

मी म्हटलं, कुठलं बक्षीस कधी ते लोकांना आधी सांगू या. निर्माते म्हणाले, सांगितलं की लोक उठून जातील. मी म्हटलं, जातील आणि आपल्या माणसाच्या वेळेला परत येतील, आत्ता ते चिडून जातात. आणि बक्षीस लहान असो मोठं असो, माणसाला स्टेजवर बोलवा, बोलू द्या, नटाला देतो त्याच्या निम्मा वेळ तरी द्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी बोललेलं खाली लिहून येऊ दे, वाचता येईल इतकं थांबू दे. जाहिरात असेल तर जाहिरात म्हणा. आणि खेळणाऱ्यांची चेष्टा करायची तर त्यांनाच पाहुणे म्हणून बोलावता कशाला? एवढं सगळं बोलले, मग थांबले.

त्यांना धाकट्याचं ठाऊक होतं. म्हणाले, तुमचं दुःख मी समजू शकतो, पण कार्यक्रम दुःखावर चालत नाही. मी म्हटलं, माझं बाजूला ठेवा, त्या एका दमात पाच नावं होती. बाकीच्या चार घरी काय झालं असेल?

यावर ते बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. शेवटी म्हणाले, बघू. जाहिराती तेवढ्याच राहतील, त्यांना हात लावायचा नाही. बाकीचं बघू.

अप्पा, जिंकले असं वाटत नाही. आपल्या घरचं होतं ते होऊन गेलं. धाकट्याची रात्र परत लावता येत नाही, कुठल्याच क्रमात बसत नाही ती.

एप्रिलमध्ये येते. तोवर आशीर्वाद पुरवून वापरते.

ताई


१२ डिसेंबर

चि. ताईस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा कार्यक्रम बघितला. बघणार नव्हतो. पण वर्तमानपत्रात वेळा छापून आल्या होत्या, आवाजाचं बक्षीस पावणेआठला, आणि शिंपीणबाई साडेसातलाच दारात हजर. पोस्टमन या वर्षी नाहीत, श्रावणात गेले, तुला लिहिलं होतं. आम्ही दोघंच बसलो.

जाहिराती आहेत तशाच आहेत. विनोदही फार सुधारले म्हणता येणार नाही. पण पावणेआठला म्हणाले तर पावणेआठला आवाजाचं बक्षीस आलं. अक्षरं खाली थांबत होती, मी सगळी वाचली. एका मुलीला मिळालं. आपल्या धाकट्याएवढीच असेल, केस नीट विंचरलेले नव्हते. ती पायऱ्या चढून वर गेली. तिला बोलू दिलं. पहिल्यांदा तिला काही सुचेचना, तरी कुणी बँड वाजवला नाही, वाट बघितली. मग तिने सांगितलं की गेममधला पाऊस तिने घराच्या पत्र्यावर तांदूळ टाकून केला आणि आई ओरडली होती. तेव्हा आईला दाखवलं. ती बाई हसत होती आणि रुमाल शोधत होती, दोन्ही एकदम.

ताई, तुझ्यापाशी खोटं कशाला लिहू? मला त्या आईचा हेवा वाटला. इतका, की क्षणभर टीव्ही बंद करावासा वाटला. माझ्या वयाला शोभत नाही, पण वाटला. तिला तिच्या जागेवर बसून कळलं. त्याच वेळी, सगळ्यांदेखत, पोरगी समोर उभी असताना.

मग बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली म्हणून मीही वाजवल्या. सुरुवात त्या मुलीसाठीच केली होती. ती स्टेजवरून उतरली, पुढचं बक्षीस सुरू झालं, तरी माझे हात थांबेनात. कुणासाठी वाजवतोय ते बाईंच्या लक्षात आलं असावं. नुसत्या माझ्याबरोबर वाजवत राहिल्या.

तू चांगलं काम केलंस. जेवत जा वेळेवर.

अप्पा