बाळंतिणींच्या वॉर्डातला गोड वास

५ फेब्रुवारी १९७९
आज रुजू झाले! अमरावतीत चार वर्षं रक्त-लघवी तपासण्यात गेली. आता नागपुरात, या इस्पितळात जंतूंची अख्खी प्रयोगशाळा माझ्या हाती. मदतनीस नत्थूजी उमरेडचे, विणकरांच्या घरातले. काचेच्या प्लेटा रेशीम हाताळावं तशा पुसतात. दुपारी त्यांनी डबा पुढे केला. म्हणाले, ‘चारुशीलाबाई, मन लागून जाईन तुमचं इथं.’ लागेल, असं वाटतंय.

१२ फेब्रुवारी
बाळंतिणींच्या वॉर्डातून पहिला नमुना आला. पुष्पलता, वय एकवीस. सिझेरियनचे टाके पिकलेत. नवरा श्रावण कामठीला मागावर असतो. पू हिरवट, वास पिकल्या द्राक्षांसारखा गोड. प्लेटवर जंतू पेरले, वर सहा औषधांच्या चकत्या ठेवल्या. जे औषध लागू पडतं त्याच्याभोवती जंतू मरतात आणि मोकळं कडं उमटतं.

१४ फेब्रुवारी
एकाही चकतीभोवती कडं नाही. सगळ्यात जालीम जेंटामायसिन, त्याच्याभोवतीसुद्धा नाही. जंतू थेट चकत्यांच्या काठाला भिडलेत. चूक माझीच असेल, म्हणून पुन्हा लावलं.

१७ फेब्रुवारी
पुन्हा तेच. आणखी तिघींना तोच हिरवा पू. वॉर्डप्रमुख डॉ. मार्तंड यांच्याकडे गेले. रिपोर्ट न वाचताच म्हणाले, नमुना घाण होता. त्यांच्या वॉर्डात ताप असो-नसो, प्रत्येकीला पहिल्या दिवसापासून दोन-दोन अँटिबायोटिक. मी म्हटलं, यानंच जंतू निर्ढावलेत. तर म्हणाले, तुम्ही प्लेटा सांभाळा, पेशंट मी सांभाळतो.

१९ फेब्रुवारी
पुष्पलता गेली. श्रावण माझ्या दारात उभा होता. ‘बाई, येवढ्या सुया टोचल्या तिले, मंग ताप काहून नाही उतरला?’
मला उत्तर माहीत होतं. दिलं नाही. स्वतःची लाज वाटते. मार्तंडांचा तर भयंकर संताप येतो. उद्या वॉर्डातल्या प्रत्येक वस्तूचा नमुना घेणार.

२२ फेब्रुवारी
नळ, चिमटे, ट्रॉली, सगळ्यांचे नमुने परवाच घेतले होते. आज जंतू सापडला. ड्रेसिंगच्या जंतुनाशकात! या बाटल्या कधी रिकाम्या करून धूत नाहीत, वरून भरत राहतात. ज्यानं जखमा पुसतात त्यातच तो जगतोय, वाढतोय.
बाटली मार्तंडांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वॉर्डात परत पाठवली. माझे रिपोर्ट माझ्यासमोर फाडले.

२४ फेब्रुवारी
आणखी दोघी गेल्या. मार्तंडांनी कागदावर कारण लिहिलं: अशक्तपणा. अशक्तपणा! वॉर्डात जाऊन, सगळ्यांसमोर बाटली मोरीत ओतू लागले. मार्तंडांनी हात धरला. ओढाताणीत ती फुटली, माझा उजवा तळहात चिरला. तसल्या आणखी चार बाटल्या आहेत तिथं.

२६ फेब्रुवारी
हात कोपरापर्यंत सुजलाय. थंडी वाजून ताप. नत्थूजी म्हणतात, दवाखान्यात दाखवा. कुठल्या दवाखान्यात—

२७ फेब्रुवारी
पट्टी सोडली. हिरवट. आणि तो गोड वास— माझ्याच हाताला—
नत्थूजींना प्लेट लावायला सांगितली.

१ मार्च
एकही कडं नाही. नत्थूजी, म्हातारा माणूस, माझ्यासमोर रडला.

२ मार्च
डाव्या हातानं लिहितेय. दुसरीकडे खाट रिकामी नाही म्हणून त्याच वॉर्डात ठेवलंय मला. शेजारच्या खाटेवर मैना, कालचीच बाळंतीण. टाके ताजे, स्वच्छ. सकाळी तिला सांगितलं, ड्रेसिंग करू देऊ नकोस. नर्स म्हणाली, बाई तापात बरळून राहिल्या.
आता घशातून आवाज फुटत नाही.
मार्तंड आले. माझी जखम पुसली. चिमटा बाटलीत बुडवला— हात धुतले नाहीत— तोच चिमटा— तिच्या खाटेकडे—
तिची पट्टी सोडतायत.
हे पान फाडून तिच्याकडे टाकते. मैना, वाचता येत असेल तर ऊठ, बाळ घे आणि नीघ. त्यांना हात लावू देऊ नकोस, त्या बाटलीत—