उचलता येईल तीच मोटरसायकल

बाबा,

मी मोटरसायकल घेतली. स्कूटर नाही, मोटरसायकल. गिअरची, चारशे सीसीची, सत्तेचाळिसाव्या वर्षी. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, "काहून?" आणि दुसरा, "वजन किती?" पहिल्याचं धड उत्तर माझ्याकडे अजून नाही. दुसऱ्याचं आहे, आणि तेच सांगायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आता लिहिते आहे ती बढाई मारायला, हे आधीच कबूल करते.

आधी परीक्षेचं. इतकी वर्षं माझ्याकडे बिनागिअरचं लायसन्स होतं. स्कूटरवरून मी तेलीबांध्याहून नव्या रायपूरला ऑफिसात जाते, संध्याकाळी वळसा घालून गुढियारीला आईकडे डोकावते. पाणीपुरवठ्याच्या खात्यात उपअभियंता आहे मी आता. खेड्यांतले बोअर, टाक्या, नळ बघायला जावं लागतं, आणि ऑफिसची जीप मिळाली तर मिळाली. मागच्या पावसाळ्यानंतर एका गावच्या मुरमाड उतारावर स्कूटर अशी काही घसरली की सरपंचबाई मला धरायला धावल्या. त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, तुझी मोटरसायकल रविवारी मला दे. त्याने दिली. नव्या रायपूरचे रस्ते रविवारी सकाळी रिकामे असतात. तो एका पुलियावर, छोट्या पुलाच्या कठड्यावर, पेपर वाचत बसायचा आणि मी हाक मारल्याशिवाय उठायचं नाही, ही माझी अट होती. मी हाक मारली नाही. दोनदा मारावीशी वाटली, ते वेगळं.

परीक्षेच्या रांगेत सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं. माझ्या पुढच्या पोट्टीने वळून पाहिलं आणि फार आदराने सांगितलं, "आंटी, स्कूटी वालों की लाइन उधर है." मी म्हटलं, "मालूम है बेटा, वो पच्चीस साल पहले हो गई." ट्रॅकवर पिवळ्या पट्ट्यांचा आठ काढलेला असतो. त्याच्या आतून गाडी न्यायची आणि पाय खाली टेकवायचा नाही, एवढीच परीक्षा. एवढीच म्हणते, पण माझ्या हाताला असा घाम सुटला होता की ओढणीला पुसावा लागला. मग मी क्लच अर्धा धरून, मान जिकडे जायचं तिकडे वळवून, तो आठ पुरा केला. परीक्षा घेणारे साहेब माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील. त्यांनी कागदावर टिक केली आणि विचारलं, "मैडम, बढ़िया. किसने सिखाया?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पिताजी ने." नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, पेट्रोल माझं आणि नाव सासऱ्यांचं.

खोटंच होतं ते. तुम्ही मला मोटरसायकल शिकवली नाही, तुम्ही मला नापास केलं होतं. त्या आधी तुमच्या कामाचं लिहायला हवं, कारण माझ्या पोरीला आजोबा रेल्वेत होते एवढंच ठाऊक आहे, आणि हे कधी तिच्या हाती पडलंच तर तिला कळायला हवं. मालगाडी यार्डात येऊन उभी राहिली की तुम्ही हातोडी घेऊन तिच्या एका बाजूने चालत जायचात आणि दुसऱ्या बाजूने परत यायचात. प्रत्येक चाकावर हातोडीचा ठोका आणि कान देऊन ऐकणं. एक्सलबॉक्सला, म्हणजे चाकाच्या आसाच्या टोकाशी असलेल्या पेटीला, हाताची मागची बाजू लावून, आई आमच्या कपाळाला लावायची तशी, ताप आहे का बघणं. वाकून खालून पाहणं. ज्या डब्यात खोट सापडेल त्याच्यावर खडूने मोठी खूण, की हा सिक, आजारी. मग तो डबा गाडीतून काढून वेगळ्या रुळावर, सिक लाईनवर न्यायचे. एकदा मी तुमचा जेवणाचा डबा घेऊन आले होते, सातवीत असेन. कोणी एक साहेब तुमच्यावर ओरडत होता, गाडीला उशीर होतोय, रंगरंगोटी केलेला नवा वॅगन आहे, त्याला काय धाड भरली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहेब, रंग सगळेच पाहतात. मी खालून पाह्यला." आणि खूण पुसली नाही. मी त्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगितलं की माझे बाबा अख्खी मालगाडी थांबवू शकतात. घरी मात्र या सवयीने आम्हाला जीव नकोसा व्हायचा. भाजी खालून बघा, दप्तराची शिवण खालून बघा. मला पाहायला आलेल्या पहिल्या मुलाच्या चपलांचे तळवे तुम्ही उलटे करून पाहिले होते, हे आई अजून हसत सांगते.

मी वीस वर्षांची असताना तुमची ती जुनी, जड, किक मारून मारून पोटरी दुखवणारी मोटरसायकल शिकायचा हट्ट धरला. तुम्ही लगेच हो म्हणालात, याचंच मला नवल वाटलं होतं. रेल्वे कॉलनीच्या ग्राउंडवर तुम्ही विटा मांडून आठ केलात. अर्धी कॉलनी बघायला जमली, कारण तेव्हा आमच्या पाऱ्यात, मोहल्ल्यात, मोटरसायकल चालवणारी पोट्टी म्हणजे तमाशाच. दुसऱ्याच वळणाला मी पडले. गाडी एका अंगाला आडवी, मी दुसऱ्या. लागलं फारसं नाही. तुम्ही आलात, मला हात दिला नाहीत, म्हणालात, "उचल." मी हँडल धरून ओढलं. "नाही उचलत, बाबा." "अजून लाव जोर." नाही उचलली. "मंग तू फिट नाही अजून," तुम्ही म्हणालात, आणि खिशातला खडू काढून माझ्या नव्या ड्रेसच्या बाहीवर ती खूण केलीत, वॅगनवर करायचात तशीच. सगळे हसले. तुम्हीही हसलात. तुम्ही गंमत केली होती, हे मला आज कळतं, त्या दिवशी कळलं नाही. मी सगळ्यांसमोर ओरडले, "मले नाही शिकायची तुमची गाडी! मरेपर्यंत हात नाही लावणार!" आणि खरोखरच लावला नाही. तुम्ही गेल्यावर ती गाडी विकली, तेव्हा घेणाऱ्याने अंगणातून बाहेर काढायला हातभार मागितला, तरी मी दारात हात बांधून उभी राहिले. माझा राग तुमच्यावरच गेला आहे, असं सगळे म्हणतात.

तर आता गाडी निवडण्याची गोष्ट. मला एकच गाडी हवी होती आणि ती सगळ्या कामाची. रोज ऑफिसला नेणारी, गुढियारीच्या गल्लीत हातगाड्यांमधून निघणारी, खेड्यांच्या मुरमावर न घसरणारी, आणि वर्षातून दोनदा आईला मागे बसवून तिच्या माहेरी तुमसरला नेणारी. आईला घेऊनच मी शोरूम हिंडले. त्र्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा बांधून, पण एका शब्दावर तयार. प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर बसून पाहायची आणि प्रत्येक ठिकाणी विचारायची, "साडीगार्ड कुठं आहे?" विकणारा भैया म्हणायचा, "माताजी, इसमें तो बच्चे लोग निकलवा देते हैं." आई म्हणायची, "मग माझ्यासाठी लगवा दो."

मी आधी गाडीच्या खाली पाहायचे. ड्रेस सावरून फरशीवर उकिडवी बसायची आणि मोबाईलचा टॉर्च इंजिनखाली मारायची. पहिल्या शोरूमचा पोरगा धावत आला, "मैडम, कुछ गिर गया क्या?" म्हटलं, "नहीं, देख रही हूं." इंजिनखाली पत्रा आहे का, सायलेन्सर किती खाली लोंबतो, चेन किती सैल. तिथली लांब, बसकी, चकचकीत गाडी अशी आरामाची होती की आई तिच्यावरून उतरायला तयार नव्हती, पण तिचं पोट जमिनीपासून वीतभर. खेड्यात ती पहिल्या दगडाला घासली असती. दुसरीकडे मी जिच्यावर भाळले ती उंच होती. डोंगर, नदी, वाळू, काय वाटेल तिथे जाणारी. मी तिच्यावर बसले आणि आरशात स्वतःकडे पाहिलं, बाबा, आणि मला मी फार आवडले. चवडेच टेकत होते, टाचा हवेत, पण म्हटलं होईल सवय. मग काय झालं कुणास ठाऊक, मी त्या शोरूमच्या मॅनेजरला म्हटलं, "इसको लिटा दीजिए. मुझे उठाकर देखना है."

त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. नंतर वाटलं की मी वेडी आहे. शेवटी तो म्हणाला, ट्रायलची गाडी आहे, तिला गार्ड लावलेला आहे, मागच्या अंगणात घेऊ. दोन मेकॅनिकनी जुनी पोती अंथरून ती हळूच आडवी केली. उचलायची रीत मी मोबाईलवर एका बाईच्या व्हिडिओतून शिकले होते. ओढायचं नसतं. पाठ सीटला लावून खाली बसायचं, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत जायचं. मी लावला जोर. गुडघ्याइतकी वर आली आणि परत बसली. तीनदा. तिसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दमल्यामुळे नव्हतं. मॅनेजर समजुतीने म्हणाला, "मैडम, रास्ते में कोई न कोई उठा देता है." खरं होतं ते. रस्त्यात कोणी ना कोणी भेटतंच. पण मला माझी गाडी उचलायला कोणी भेटायला नको होतं. तिथून मी आईला घेऊन निघाले.

तिसरी मला पहिल्या नजरेत साधीच वाटली. मधली उंची, हँडल रुंद आणि उभं, तारांची चाकं, ट्यूबचे टायर. ट्यूबचं पंक्चर कुठल्याही गावात कोणीही काढतो, हे माझं मन लगेच म्हणालं. दोन्ही तळवे नाही, पण चवड्यांच्या मागचाही अर्धा पाय टेकत होता. मागची सीट सपाट. वजन एकशे ऐंशी किलो. इथल्या मालकालाही मी तेच सांगितलं आणि तोही आधी नाहीच म्हणाला. पण आई पुढे होऊन म्हणाली, "भैया, मेरी लड़की इंजीनियर है, सोच के बोल रही है." मागच्या गवतावर गाडी आडवी झाली. मी पाठ लावली, श्वास घेतला. आई समोर उभी होती, पदर कमरेला खोचून, जणू तीच उचलणार आहे. "उठव, माय. येते तुले," ती म्हणाली. आणि ती आली, बाबा! एक पाऊल, दोन पावलं, आणि ती अचानक हलकी झाली आणि सरळ माझ्या शेजारी उभी राहिली. मेकॅनिकांनी टाळ्या वाजवल्या. मी परत एकदा आडवी करायला लावली आणि परत उचलली, कारण एकदा होतं ते नशिबाने, हे मी तुमचीच पोरगी असल्यामुळे म्हणाले. दुसऱ्यांदा उचलल्यावर मी म्हटलं, ही द्या. रंगसुद्धा मागाहून विचारला.

गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी शोरूमवाल्यांनी नारळ आणि लिंबं तयार ठेवली होती. आई म्हणाली, "हे आपल्यात नाही, भैया. फूल हो तो दे दो." एक झेंडूचं फूल हँडलला बांधलं, हात जोडले, आणि साडीगार्ड नीट बसवलंय ना हे ओढून पाहिलं. मग एका बाजूला पाय सोडून बसली, माझा खांदा धरला, आणि आम्ही निघालो. मी तुम्हाला खरं सांगते, तेलीबांध्याच्या चौकात सिग्नलला सगळे आमच्याकडे बघत होते आणि मी हेल्मेटच्या आत वेड्यासारखी हसत होते.

तलावाच्या काठी आम्ही थांबलो. आईने भुट्टा घेतला, अर्धा मला दिला. आणि खाता खाता, जसं काही कालचीच गोष्ट, ती म्हणाली, "तुया बापानं पाह्यलं पाह्यजे होतं. त्या पडल्याच्या नंतर पंधरा दिवस जाऊन राह्यले ते ग्राउंडवर. सकाळी सकाळी विटा मांडायचे अन् उभे राह्यचे. मी म्हणो, तुम्ही काहून जाता, तिचं तर तोंड वाकडं. तर म्हणे, सिक लाईनवर डबा टाकून माणूस घरी जात नसते. ती येईन न, तर मी तिथं असलो पाह्यजे." मग भुट्ट्याचे दाणे काढत ती म्हणाली, "तू झोपून राह्यची. तुले काय मालूम."

मी म्हटलं, "हव, मले नव्हतं मालूम."

आईला मी तेवढंच सांगितलं. नाहीतरी हे पत्र मी कुठल्याच पेटीत टाकणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. तुम्ही रोज माझ्या दाराशी येऊन हळू आवाजात विचारायचात, "उठली का?" आणि मी श्वास धरून पडून राहायची. मग थोडा वेळ तुम्ही तसेच उभे. मग घरातल्या कोणाची झोप मोडू नये म्हणून ती एवढी जड गाडी चालू न करता हातांनी ढकलत फाटकापर्यंत न्यायचात, चाकाखाली खडी वाजायची, आणि मी ती ऐकायची. पंधराही दिवस, बाबा. मी जागी होते.