हुरडा निबर होण्याआधी

७ डिसें., रवि.
सायकलवरची चादर काढली. ऑक्टोबर न्यूमोनियाने खाल्ला, नोव्हेंबर अशक्तपणाने. सौ.नेच चादर टाकली होती. सायकल दिसली की माझे पाय वळवळतात म्हणे. डॉ.चा नियम एकच: चालवताना बोलता आलं पाहिजे, दम लागला की उतरायचं. एकट्याने बोलायचं तरी काय? चौतीस वर्षं गणित शिकवलं. पाढे म्हणत निघालो. बे झाला, तीन झाला, चार निम्म्यात अडकला. दुधाच्या डेअरीपर्यंत गेलो, ढकलत परत. हँडल थंडगार होतं. फार दिवसांनी बरं वाटलं.

१० डिसें.
पाढा (पा.) ७ पूर्ण.
नामाला फोन. शाळेपासूनचा दोस्त. मोर्शी रोडवर, आमच्या दारापासून एकवीस कि.मी.वर शेत. सत्तावीस वर्षं त्याच्याकडे हुरड्याला सायकलनेच जातोय. गाडीने येणाऱ्याला हुरडा भाजायच्या आगटीजवळ जागा नाही, हा कायदा मीच करून घेतला होता. आता अंगाशी आलाय. दाणा कवळा असतो तो आठ-दहा दिवस, मग निबर. हुरडा कोणासाठी थांबत नाही. कधी येऊ विचारलं तर म्हणाला, "आजून दूध नाही भरलं दान्यात. तू तुया तब्येतीचं पाह्य."
सौ.ला सांगून टाकलं की यंदाही सायकलनेच. तिने भाजी चिरणं थांबवलं नाही.

१४ डिसें., रवि.
पा. १३. सौ.च्या अटी: स्वेटर दोन, मफलर, कानटोपी. 'तेरा सत्ते एक्याण्णव' मफलरमधूनच म्हटलं. सिग्नलला स्कूटरवाली पोरगी म्हणाली, काका, गाडीवर फोनवर बोलू नका. फोन घरी होता. हसू आलं, हसताना खोकला, खोकताना धाप. उतरलो. नियम तो नियम.

२१ डिसें., रवि.
राजकमल चौकापर्यंत गेलो. पा. १७. चौकात हातगाडीवर हुरडा! मूठभर घेऊन उभ्यानेच खाल्ला. कवळा, गोड. म्हणजे सगळीकडे आलाय. घरी येऊन नामाला फोन, तर तेच तुणतुणं: दूध भरलं नाही. तुझं शेत काय हिमालयात आहे का, असं विचारलं. त्याने म्हशीचा विषय काढला.
पाणी कुठेतरी मुरतंय.

२४ डिसें.
मुरतंय ते सापडलं. सौ. मागच्या अंगणात फोनवर "नामाभाऊ, नामाभाऊ" करत होती. मला पाहिलं आणि आवाज खाली. यांचं संगनमत आहे. दाणा निबर होईपर्यंत मला झुलवायचं. बोललो, जरा जास्तच बोललो. ती एवढंच म्हणाली, "तुमी कोन्त्या पाढ्यावर आले, ते सांगून राहिली होती त्याईले."
विश्वास बसला नाही. रात्री जेवताना मीठ मागायचं होतं, मागितलं नाही.

२८ डिसें., रवि.
रागाच्या भरात छत्री तलावाचा चढ घेतला. पाढे बंद, नियम गुंडाळून ठेवला. अर्ध्यात डोळ्यांपुढे अंधारी. रस्त्याकडेच्या दगडावर बराच वेळ बसलो. ऑटोने घरी, सायकल मागे आडवी घालून. सौ.ने आलं घालून चहा दिला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

३ जाने.
एक्स-रे साफ. डॉ. म्हणाले, फुप्फुसं ठीक, डोकं तपासा.
पण डिसेंबर गेला. नामाचा हुरडा आता निबर झाला असणार. दुपारी एकटाच होतो, रडू आलं. दवाखान्यात नाही रडलो आणि हुरड्यासाठी रडलो. लिहून ठेवतो, कोण वाचणार आहे.

११ जाने., रवि.
हुरडा नाही तर नाही, सायकल तर आहे. सहाला निघालो. धुकं, नाक लाल. बारा कि.मी. जाऊन येऊन. 'एकोणतीस सत्ते दोनशे तीन' इतक्या मोठ्याने म्हटलं की संत्र्यांच्या टेम्पोवाल्याने मान बाहेर काढली. दम नाही! पा. २९, पूर्ण!

१६ जाने.
नामाचा स्वतःहून फोन. "रविवारी ये. भरलं दूध." थट्टा करतोय म्हणून ठेवून दिला. सौ. म्हणाली, "जाऊन तं पाहा." तिनेच? चक्रावलो.

१८ जाने., रवि.
पोचलो. दोन तास वीस मिनिटं, तीन थांबे, बे ते तीस दोनदा.
नामाच्या शेतात ज्वारी वाळून पिवळी. एक कणीस चोळलं, दाणा दाताने फुटेना. एवढ्यासाठी बोलावलं? नामा हाताला धरून विहिरीमागे घेऊन गेला. तिथे चार ओळी. हिरव्यागार, कणसं नुकती भरलेली.
हे कधी पेरलंस?
"तू आयशीयूत होता तवा. वहिनीचा फोन आला का डॉक्टर काईच सांगत नाही. मले दुसरं काय सुचन? येळ तं निंगून गेली होती पेऱ्याची. म्हटलं हा उठीन तवा त्याले कवळा पायजे."
मग सांगितलं का नाहीस?
"सांगलं असतं तं तू दुसऱ्याच दिशी सायकलवर टांग मारली असती."
आगटी पेटवली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं, गरम दाणे तळहातावर, तिळाची चटणी, गूळ. धुराचं निमित्त सांगत नाही, रडलोच. नामा म्हणाला, "पुढच्या साली मी येळेवर पेरतो. तू बी येळेवर ये."

१९ जाने.
काल परत निघताना पायांत गोळे. नामाने मोटरसायकलवर घरी आणून सोडलं. सायकल त्याच्या गोठ्यात, म्हशीशेजारी.
सौ.ची माफी मागितली. तिला चार ओळींचं पहिल्यापासून ठाऊक होतं. नामाने शपथ घातली होती. माझं सगळं बोलणं तिने त्या शपथेपायी ऐकून घेतलं. "आता मीठ मागत जा," म्हणाली.
नामाने दिलेली कणसं तिने तव्यावर भाजली. दाणे चोळता चोळता विचारते, "सायकल कवा आनता मंग?"
मोर्शीची एसटी सकाळी साडेसहाला. जाताना बस, येताना एकवीस कि.मी. पायडल. उद्या थंडी वाढणार म्हणतात. पाय अजून दुखतायत. बघू.
खुर्चीवर तिने स्वेटर काढून ठेवलाय. एकच.